खंगणारा मासा आणि क्षयाची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. फिशटँकमधला मासा खातोय, पोहतोय, तरी दिवसेंदिवस बारीक होतोय. पोट आत गेलंय, पाठ सुरीच्या पात्यासारखी झालीय. त्याला झालंय तरी काय? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तराचा एक धागा थेट टीबीच्या इतिहासापर्यंत जातो, आणि तो तुमच्या हातापर्यंतही येऊ शकतो. कसा, ते सांगतो.

कर्जतहून मुरबाडकडे निघालात की कशेळे लागतं. या पट्ट्यात मासा काही नवा नाही. पहिल्या पावसात वलगण चढते, ओढ्यातले मासे शेतात येतात, आणि संध्याकाळी घराघरात कालवण शिजतं. पण ताटात येणाऱ्या माशाला कोणता आजार होता, हे कोण कशाला विचारेल? हा प्रश्न पडतो तो काचेतल्या, नाव ठेवलेल्या माशाच्या बाबतीत.

आपल्याकडे माशांचं निरीक्षण जुनं आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मासेमारीवर वेगळं प्रकरण आहे. खवल्यांचे मासे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला कोणता चारा घालायचा, हे सगळं त्यात येतं. पण चारा घालायचा तो गळाला लागावा म्हणून! मासा आजारी पडला तर काय, हा त्या राजाचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आणला काचेने. 1850 च्या आसपास इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तर टाकीतलं पाणी बराच काळ चांगलं राहतं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणीसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आता माणूस एकच मासा रोज, बाजूने, जवळून बघू लागला. म्हणजे तो बारीक होतोय हेही दिसू लागलं.

आता मुख्य गोष्ट. मराठीत टीबीला आपण क्षय म्हणतो. क्षय म्हणजे झिजणं, खंगणं. आजाराचं नाव लक्षणावरून पडलं, कारण कारण माहीतच नव्हतं. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केलं की क्षयामागे एक जंतू आहे. त्यानंतर लगेचच एक युक्ती सापडली. या जंतूला लाल रंग चढवला की तो आम्लाने धुतला तरी उतरत नाही. आजही टीबीसाठी थुंकी तपासताना हीच युक्ती वापरतात.

1897 मध्ये फ्रान्समध्ये बातायाँ, द्युबार आणि तेर या तिघांना गाठ आलेला एक कार्प मासा मिळाला. गाठीत तसेच लाल राहणारे जंतू! ज्या तळ्यातला तो मासा होता, तिथे एका क्षयरोग्याची थुंकी जात होती, असं सांगितलं गेलं. मग त्यांना वाटलं, माणसाचाच क्षय माशात जाऊन रूप बदलतो. तर्क सरळ होता, पण चुकीचा. 1926 मध्ये अमेरिकेत जोसेफ ॲरन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांमधून वेगळाच जंतू काढला. त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम मरायनम. तो माणसाच्या क्षयजंतूचा भाऊबंद, पण तो नव्हे.

पुढे 1950 च्या सुमारास स्वीडनमध्ये एका पोहण्याच्या तलावात जाणाऱ्या लोकांच्या कातडीवर बऱ्याच काळ न भरणाऱ्या जखमा दिसल्या. जंतू नवा समजून त्याला वेगळं नावही दिलं गेलं. नंतर कळलं, हा तर माशांचाच! गंमत बघा, हा जंतू 30 अंशांच्या आसपास छान वाढतो, 37 ला मात्र कुरकुरतो. म्हणून तो सहसा फुप्फुसात जात नाही, गार राहणाऱ्या हातांच्या कातडीवर बसतो. आणि लॅबने नमुना फक्त 37 अंशांवर वाढवला, तर सापडतही नाही.

योगायोग म्हणजे त्याच काळात, 1951 मध्ये, मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. शाळेच्या सहलीत काचेला नाक लावून मासे बघणाऱ्या पिढ्या तिथूनच सुरू झाल्या. 1961 मध्ये केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था सुरू झाली. ती आज वर्सोव्याला आहे, आणि तिथे माशांचे रोग हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे.

मग कशेळ्यातल्या आपल्या माशाचं काय? इतिहासाने शिकवलेला क्रम असा. आधी पाणी: अमोनिया आणि नायट्राइट तपासा. मग जेवण: तो खरंच गिळतोय, की तोंडात घेऊन थुंकतोय? की दुसरा मासा त्याला खाऊच देत नाही? मग विष्ठा: पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा संशय घ्या. गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर तो कॅमॅलॅनस कृमी; 1927 मध्ये जपानमध्ये त्याचं वर्णन झालं आणि शोभेच्या माशांबरोबर तो दूरदूर पोचला. पाठीचा कणा वाकतोय, अंगावर व्रण आहेत, एकामागून एक मासे खंगताहेत, तर क्षयाचा विचार करा.

हे वेगळं ओळखायचं का? कारण औषधं वेगळी आहेत. परजीवींवरचं मेट्रोनिडाझोल कृमींना काहीच करत नाही. कृमींवरचं लेव्हामिझोल जंतूंना काही करत नाही. आणि माशाच्या क्षयावर तर भरवशाचा इलाजच नाही. दुकानदाराने दिलेली बाटली अंदाजाने ओतली, तर मासा जातो तो जातोच, वर जंतू औषधाला सरावतात.

तुमच्या हातातला फोनही इथे कामाला येतो. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने 2014 मध्ये फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक जगासमोर आणला. त्याला फोन लावून ताज्या विष्ठेचा थेंब बघितला, तर कृमींची अंडी किंवा वळवळ दिसू शकते. क्षयाचा जंतू मात्र त्यात कळणार नाही. त्याला तोच जुना लाल रंग आणि लॅबच लागते.

शेवटी दोन गोष्टी लक्षात ठेवा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. आणि हातावरची गाठ आठवडे झाले तरी बरी होत नसेल, तर डॉक्टरांना न विसरता सांगा, ‘घरी मासे आहेत.’ त्या एका वाक्याने निदानाचे काही महिने वाचू शकतात. दुसरं, आजारी मासा दया येऊन ओढ्यात सोडू नका, टाकीचं पाणीही तिकडे ओतू नका. त्याच ओढ्यातून पुढच्या पावसात वलगण चढणार आहे.