घोड्याची वाट, इंजिनाची वाट

फ्रान्समध्ये आज एकूण सुमारे अकरा लाख किलोमीटर लांबीचे रस्ते आहेत. त्यांपैकी मोटारींचे जलदमार्ग जेमतेम १२ हजार किलोमीटर भरतात. उरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रस्ते 'कम्यून'च्या, म्हणजे गाव किंवा शहर हा जो कारभाराचा सर्वांत लहान घटक असतो त्याच्या, ताब्यात आहेत. अशा कम्यून सुमारे ३५ हजार आहेत. वाहतुकीचा मोठा भाग थोड्या रुंद रस्त्यांवरून धावतो आणि गावागावांना जोडणारे लाखो किलोमीटर लांबीचे डांबरी रस्ते दिवसभर बहुतांशी रिकामे असतात. सायकलीवरून फ्रान्स पाहणाऱ्यांचे आवडते रस्ते हेच. रस्त्यांच्या प्रसिद्ध फ्रेंच नकाशांवर ते पांढऱ्या रेघांनी दाखवलेले असतात आणि अनुभवी सायकलस्वार लाल रेघा टाळून पांढऱ्या रेघा शोधत जातो. एवढे चांगले रस्ते बांधले कोणी, आणि बांधून ते रिकामे का राहिले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

यातला रिकामेपणा नवा नाही, ही पहिली गंमत. आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ १७८७ ते १७८९ या काळात फ्रान्सभर हिंडला. तेथील भव्य, सरळ सडका पाहून तो थक्क झाला आणि त्यांवर माणसे व गाड्या इतक्या कमी का, याचेही त्याला नवल वाटले. उत्तर सोपे होते. सडका रहदारी वाढली म्हणून बांधलेल्या नव्हत्या, राजाला हव्या होत्या म्हणून बांधल्या होत्या. पूल व सडकांसाठी अभियंत्यांचे सरकारी दल १७१६ मध्ये स्थापन झाले, त्यांची शाळा १७४७ मध्ये निघाली. आराखडे उत्तम होते. पण माती वाहिली आणि खडी फोडली ती वेठीला धरलेल्या शेतकऱ्यांनी. १७३८ मध्ये ही वेठ देशाच्या मोठ्या भागात सक्तीची झाली. ट्युर्गो या मंत्र्याने १७७६ मध्ये ती रद्द केली, त्याला पदावरून जावे लागताच ती परत आली, आणि १७८७ मध्ये ती कायमची गेली. दोनच वर्षांनी राज्यक्रांती झाली. रस्त्याच्या कडेला झाडांच्या रांगा पाहताना हा हिशेबही लक्षात असावा.

गावरस्त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २१ मे १८३६ च्या कायद्याने आपल्या हद्दीतील जोडरस्ते नीट ठेवणे हे प्रत्येक कम्यूनचे बंधनकारक काम ठरले. त्यासाठी धडधाकट पुरुषाने वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम द्यायचे, गाडी-बैल असतील तर तेही आणायचे, किंवा तेवढे पैसे भरायचे. वेठीचीच ही सौम्य आवृत्ती, असे कोणी म्हणेल. पण येथे रस्ता आपल्याच बाजाराला, आपल्याच शेताला जाणारा होता. पुढच्या काही दशकांत गावरस्त्यांचे दाट जाळे तयार झाले. आणि ते पुरे होते न होते तोच खेडी ओस पडू लागली. माणसे कारखान्यांच्या शहरांकडे गेली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात सुमारे चौदा लाख फ्रेंच सैनिक मारले गेले, त्यांत शेतकरी फार होते. दाट वस्तीच्या हिशेबाने आखलेले जाळे विरळ वस्तीच्या वाट्याला आले. आजची शांतता ही अशी आहे.

या रस्त्यांवर मोटारी कमी असल्या तरी चढ-उतार आहेतच, कारण बैलगाडीचा रस्ता टेकडी टाळण्यासाठी डोंगर पोखरत बसत नाही. आता थोडे गणित करू. सायकल व स्वार मिळून वजन ८० किलोग्रॅम धरा, म्हणजे सुमारे ७८५ न्यूटन. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांच्या लोटनाचा विरोध वजनाच्या सुमारे ०.००५ पट, म्हणजे ४ न्यूटन. ताशी १५ किलोमीटर वेगाला हवेचा विरोध साधारण ५ न्यूटन. सपाटीवर एकूण ९ न्यूटनांत काम भागते. शंभर मीटरला तीन मीटर चढ आला की त्यात वजनाच्या तीन टक्के, म्हणजे आणखी २४ न्यूटन मिळवावे लागतात. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या चढाने श्रम साडेतीनपटीहून अधिक वाढले! नववीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर करण्यासारखे आहे.

हेच गणित आगगाडीला लावा. पोलादी रुळावर पोलादी चाकाचा विरोध याहून कितीतरी कमी, वजनाच्या ०.००२ पट इतकाच. एक टक्का चढावर मात्र वजनाच्या ०.०१ पट जादा ओढ लागते. म्हणजे पाचपट भर! घर्षण जितके कमी, तितका चढ अधिक जाचक. म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी भराव घातले, टेकड्या कापल्या, बोगदे खणले आणि चढ शक्यतो एकदोन टक्क्यांच्या आत ठेवला. फ्रेसिने हा मूळचा अभियंता असलेला मंत्री. त्याच्या योजनेला १८७९ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि लहान लहान तालुक्याच्या गावांपर्यंत लोहमार्ग नेण्याचे ठरले. मार्ग झाले, पण त्यांतले अनेक कधीच फायद्यात आले नाहीत. मोटारबस आली तशी त्यांची गरज संपली. १९३८ मध्ये सर्व रेल्वे राष्ट्रीय कंपनीकडे गेली आणि लगोलग कितीतरी दुय्यम मार्गांवरच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. रूळ उचलले गेले. सौम्य चढाची, मैलोन् मैल अखंड अशी जमिनीची पट्टी तेवढी उरली.

बरगंडीतील जिव्री ते क्लूनी ही अशीच एक पट्टी. सुमारे ४४ किलोमीटरचा हा जुना लोहमार्ग सोन-ए-ल्वार जिल्ह्याने सपाट डांबरी वाट करून १९९७ मध्ये सायकलस्वार, पादचारी यांच्यासाठी खुला केला. फ्रान्समधली ही पहिली 'हरित वाट' मानली जाते. पुढच्याच वर्षी सरकारने अशा वाटांचा राष्ट्रीय आराखडा स्वीकारला. २००४ मध्ये वाहतुकीच्या नियमांत 'हरित वाट' ही संज्ञा आली: मोटार नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यापुरती राखलेली वाट. क्लूनीच्या दक्षिणेला याच मार्गावर ब्वा क्लेर येथे सुमारे १.६ किलोमीटरचा बोगदा आहे. तोही पुढे सायकलींसाठी उघडला. पण हिवाळ्यात तो बंद असतो, कारण वटवाघळे तेथे शीतनिद्रा घेतात. तेवढे महिने स्वाराला टेकडीवरून जावे लागते आणि वरचे गणित पायांना कळते.

पट्टीची मालकी टिकली तरच हे जमते. मधले अर्धा किलोमीटर कोणी विकत घेऊन कुंपण घातले की चाळीस किलोमीटरची वाट तुटली. रस्ता बांधणे खर्चाचे, पण तुटलेली पट्टी पुन्हा जोडणे त्याहून कठीण.

रेल्वेच्याही आधी सपाटीची गरज होती ती घोड्याला. चांगल्या सडकेवर एक घोडा गाडीतून एखाद-दोन टन माल ओढी. तोच घोडा काठावरून चालत दोराने नाव ओढू लागला की पाण्यावरून पन्नास टनांच्या आसपास माल नेई. त्यासाठी कालव्याच्या कडेने अखंड वाट ठेवलेली असे. आपल्याकडे पाटाच्या भरावावरून पाटकरी फिरतो, तशीच ती दिसते. पाणी सपाट म्हणून वाटही सपाट. उंची बदलते ती फक्त जलपाशांपाशी, जेथे दरवाजांमध्ये पाणी भरून वा सोडून नाव पायरीसारखी वर-खाली घेतात.

ब्रिटनी प्रांतातील नाँत ते ब्रेस्त हा कालवा मला या सर्वांत बोलका वाटतो. इंग्रज आरमार ब्रेस्त बंदराची नाकेबंदी करी. म्हणून समुद्राला वळसा न घालता रसद आतून पोहोचवावी, ही नेपोलियनची निकड. लांबी सुमारे ३६० किलोमीटर, जलपाश दोनशेहून अधिक. ग्लोमेल गावाजवळ दोन खोऱ्यांमधला उंचवटा कापायचा होता. १८२३ पासून नऊदहा वर्षे ते काम ब्रेस्तच्या तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी केले. संपूर्ण कालवा १८४२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तोवर नेपोलियन जाऊन दोन दशके उलटली होती, नाकेबंदीही उरली नव्हती. १८६५ मध्ये ब्रेस्तला आगगाडी पोहोचली. पुढे फ्रेसिनेने मुख्य कालव्यांच्या जलपाशांसाठी ३८.५ मीटर लांबी व ५.२ मीटर रुंदी हे माप ठरवले. येथले जलपाश त्याहून लहान, म्हणजे मोठ्या नावांनाही तो बंदच. तरी स्लेटचा दगड, खत, धान्य नेत तो काही काळ तगला.

शेवटचा घाव विजेने घातला. गेर्लेदाँ येथे १९२३ ते १९३० या काळात जलविद्युतधरण बांधले गेले आणि त्याच्या जलाशयात कालव्याचा एक भाग सतरा जलपाशांसह बुडाला. कालवा दोन तुकड्यांत तुटला. धरणाच्या तपासणीसाठी २०१५ मध्ये जलाशय रिकामा केला, तेव्हा चिखलातून जलपाशांच्या भिंती, त्यांच्या रखवालदारांची पडकी घरे आणि घोड्यांची वाटही पुन्हा वर आली. ती पाहायला लोकांची रीघ लागली. मग पाणी भरले गेले. आज नाँतहून सायकलीने निघालेला माणूस घोड्यांच्या वाटेने येथवर येतो. येथे ती पाण्याखाली जाते, म्हणून त्याला जलाशयाला वळसा घालावा लागतो. आणि त्या वळशाचा मोठा भाग जातो तो १९६७ मध्ये बंद पडलेल्या एका लहान लोहमार्गाच्या भरावावरून.