समुद्राकडे पाठ करून रंगवलेला समुद्र

आजचा धागा एका चित्रकाराविषयी, आणि त्याच्या निमित्ताने इतिहासाच्या विद्यार्थ्याला छळणाऱ्या एका प्रश्नाविषयी. ज्याने प्रसंग डोळ्यांनी पाहिलाच नाही, त्याचे चित्र इतिहासाचे साधन मानावे का?

इव्हान आयवाझोव्स्की (१८१७–१९००). जन्म क्रिमियातील फिओदोसिया या काळ्या समुद्रावरच्या बंदरात, परिस्थिती खालावलेल्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या घरी. सुमारे सहा हजार चित्रे त्याच्या नावावर सांगितली जातात आणि त्यांतली बहुतेक समुद्राची आहेत. गंमत अशी की, फिओदोसियातील त्याच्या चित्रशाळेची खिडकी समुद्राकडे नव्हे, अंगणाकडे उघडत असे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हा गृहस्थ त्याच्याकडे पाठ करून बसे.

यामागे एक अनुभव होता. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीने १८४० मध्ये त्याला इटलीला धाडले. तेथे सोरेंतोच्या परिसरात त्याने आठवडेच्या आठवडे समोर बसून दृश्य जसेच्या तसे उतरवले. मग आणखी एक चित्र केवळ आठवणीतून काढले. लोक थबकले ते या दुसऱ्या चित्रापुढे. पुढे हाच त्याचा सिद्धांत झाला. वीज, वाऱ्याचा झोत, लाटेचा शिंतोडा या गोष्टी कुंचला उचलेपर्यंत थांबत नाहीत. त्या आधी मनात साठवाव्या लागतात. ज्याच्यापाशी स्मरण नाही तो चित्रकार उत्तम नकलाकार होईल, त्यापलीकडे काही नाही, असे त्याचे मत होते. हे मत मला थोडे उद्दाम वाटते. पण फुटणाऱ्या लाटेचे चित्र काढण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल, त्याला त्यातले तथ्य लगेच कळेल.

त्याची पद्धतही तशीच होती. प्रवासात कागदावर फक्त पेन्सिलीच्या मोजक्या रेषा: किनारा, ढगांची जागा, डोलकाठी. रंग सगळे डोक्यात. आकाश तो एकाच बैठकीत पुरे करी आणि लाटेतून आरपार येणारा उजेड रंगाच्या पातळ, पारदर्शक थरांनी साधत असे.

आठवणींचा हा साठा प्रवासांनी भरत गेला. १८३९ मध्ये काळ्या समुद्रावरील आरमाराबरोबर केलेली सफर, बिस्केच्या उपसागरात जिवावर बेतलेले वादळ, १८४५ नंतर वारंवार इस्तंबूल, १८६९ मध्ये सुएझ कालव्याचे उद्घाटन, पंचाहत्तरीत अमेरिका. ‘नववी लाट’ (१८५०) हे त्याचे सर्वांत गाजलेले चित्र. तुटलेल्या डोलकाठीला बिलगलेली माणसे, समोर अंगावर येणारी लाट आणि तिच्या पलीकडे उगवता सूर्य.

इथपर्यंत सारे ठीक. लाट त्याने पाहिली होती, आठवणही त्याचीच होती. अडचण यापुढे सुरू होते.

नोव्हेंबर १८५३ मध्ये सिनोपच्या बंदरात नाखिमोव्हच्या रशियन ताफ्याने उस्मानी आरमार जाळले. आयवाझोव्स्की तेथे नव्हता. तो सेवास्तोपोलला गेला, लढून आलेल्यांना विचारत राहिला आणि मग त्याने ती लढाई रंगवली, एकदा दिवसाची आणि एकदा रात्रीची. त्या जहाजांची बांधणी, शिडे, दोरखंड यांविषयी हे चित्र विश्वासार्ह आहे, असे मी म्हणेन. तो नौदल मुख्यालयाचा अधिकृत चित्रकार होता आणि अशा जहाजांवर वावरलेला होता. लढाईच्या क्रमाविषयी मात्र ते साक्षीदार नाही. रशियाला आपला विजय कसा आठवायचा होता, याचे ते साधन आहे. आणि हाच चित्रकार वीस वर्षांनी सुलतान अब्दुलअझीझसाठी चित्रे रंगवत होता! त्याची चित्रे आजही इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात आहेत.

१८९४ ते १८९६ या काळात उस्मानी साम्राज्यात आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या. आयवाझोव्स्की तेव्हा ऐंशीच्या घरात होता. सुलतानांनी दिलेली पदके त्याने समुद्रात फेकली, असे सांगितले जाते. त्याने ट्रॅबझोनची कत्तल रंगवली, मार्मारा समुद्रात रात्री माणसे लोटली जात असल्याचे दृश्य रंगवले. मार्मारावरून त्याने अनेकदा प्रवास केला होता. म्हणजे पाणी आठवणीतले, माणसे कानावर आलेल्या बातमीतली. आकडे, नावे, तारखा यांसाठी ही चित्रे कोणी वापरू नयेत. पण दूर क्रिमियात बसलेल्या एका वृद्ध आर्मेनियनापर्यंत ती बातमी पोचली आणि त्याला गप्प बसता आले नाही, ही नोंद मला अस्सल वाटते. इतिहासात अशा नोंदी फार थोड्या सापडतात.

लहानपणी पाहिलेली पहिली चित्रे कोणती, हे त्याने पुढे सांगून ठेवले आहे: तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या ग्रीक वीरांची शिळाछापे. १९०० च्या वसंतात तो वारला तेव्हा घोडीवर एक अपुरे चित्र होते. ग्रीकांच्या त्याच लढ्यात स्फोटाने उडालेले एक तुर्की जहाज.