नाताळच्या आधी आलेलं नाताळचं गाणं

डिसेंबर लागला की बॉस्टनमध्ये संगीतकार हँडेलचा ‘मेसाया’ कुठे ना कुठे चालूच असतो; गायक आणि ऑर्केस्ट्रासाठीची ही तीन भागांची रचना. आमचा हौशी कॉयर, म्हणजे गायकवृंदही तो गातो. मी आल्टोच्या, म्हणजे बायकांमधल्या खालच्या सुरांच्या रांगेत असते. नाताळचं एवढं वेड असलेल्या या गावात एके काळी नाताळवर बंदी होती, हे मात्र मला फार उशिरा कळलं. १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन कारभाऱ्यांनी कायदाच केला: नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. १६८१ मध्ये कायदा गेला, मनातली अढी मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

गंमत म्हणजे ‘मेसाया’ही मुळात नाताळचा नाही. हँडेलने तो १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहिला आणि डब्लिनला पहिल्यांदा झाला तो १३ एप्रिल १७४२ रोजी, ईस्टरच्या तोंडावर. माणसं जास्त मावावीत म्हणून बायकांनी झग्याखालचे घेर आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती केली होती. पैसे गेले दोन इस्पितळांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना. १४२ कैदी सुटले. एकल गाणाऱ्यांत स्त्रिया होत्या, पण कॉयर कॅथीड्रलचा, म्हणजे पुरुष आणि मुलगे. माझी ओळ तेव्हा पुरुषांनी गायली.

बॉस्टनमध्ये १८१५ साली हँडेल अँड हायडन सोसायटी निघाली. तिची पहिली मैफल किंग्ज चॅपलमध्ये २५ डिसेंबरला झाली. शंभरेक गाणाऱ्यांत बायका जेमतेम दहा. १८१८ च्या नाताळला त्यांनी ‘मेसाया’ पूर्ण गायला. अमेरिकेत तो पहिल्यांदाच. आणि नाताळची सरकारी सुट्टी? ती मॅसॅच्युसेट्समध्ये आली १८५६ मध्ये. तोवर सोसायटीचा दरवर्षीचा ‘मेसाया’ सुरूही झाला होता. सण इथे धर्मगुरूंपेक्षा गाणाऱ्यांनी रुजवला, असं मी तरी म्हणेन.

आमच्या तालमी पियानोवरच होतात. ऑर्केस्ट्रा भेटतो अगदी शेवटी. तबलजी आपल्याकडे बघून समेवर येणार, या सवयीत मी वाढले. इथे सगळ्यांनी कंडक्टरच्या हाताकडे बघायचं. मला खरं कौतुक टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले नगारे, वाजवणाऱ्याचं वाटतं. ‘हॅलेलूया’पर्यंत त्याला वाजवायला एक ठोकाही नाही, आणि ‘हॅलेलूया’नंतर थेट शेवटच्या कोरसला. तोवर बिचारा हात बांधून बसतो.

‘हॅलेलूया’ला श्रोते उभे राहतात. ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज ते ऐकताना उठला म्हणून ही रीत पडली, असं हमखास सांगतात. पण राजा ‘मेसाया’ला हजर होता याला त्या काळचा पुरावा नाही. उभे राहा, हरकत नाही. पण पूर्ण ‘मेसाया’ असेल तर तिथूनच कोट उचलून निघू नका. तिसरा भाग अजून बाकी असतो, आणि आल्टोंना त्यातही भरपूर काम आहे.