इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये

दौंडच्या माणसाने समुद्रावरच्या बोटींविषयी बोलावयास उभे राहावे, हे ऐकून कोणी हसले तर आम्हाला राग येणार नाही. आमच्या गावाला भीमा आहे, समुद्र नाही. गाव वाढले ते रुळांवर. १८७८ साली मनमाडकडे जाणारा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. आमचे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, आणि आमचे यंत्रशास्त्राचे पहिले शिक्षण शाळेत नव्हे, तर त्यांच्या डब्याबरोबर शेडपर्यंत जाता-येता झाले. पुढले शिक्षण युनियनच्या कचेरीत, जुन्या पुस्तकांच्या आधाराने. तेव्हा चुकल्यास श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

ज्यांनी वाफेचे इंजिन सुटताना पाहिले आहे त्यांना आठवत असेल, की पंधरा-वीस डब्यांची गाडी जागच्या जागी उभी असताना ड्रायव्हर वाफ सोडी आणि पहिल्याच क्षणी पिस्टनचा सारा जोर चाकावर पडे. मध्ये ना क्लच, ना गिअर. मागे जायचे तर एक दांडा ओढला की वाफ उलट्या क्रमाने शिरे. डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्याला आधी दुसऱ्या कोणीतरी फिरवून जागे करावे लागते, ठराविक फेऱ्यांच्या खाली ते ओझे घेत नाही, आणि बहुतेक इंजिने एकाच दिशेने फिरतात. म्हणून इंजिन आणि चाक यांच्यामध्ये काहीतरी घालावे लागते. त्याला ट्रान्समिशन म्हणतात. ह्या मधल्या वस्तूचा इतिहास हा आजचा विषय. आणि त्यातला बराचसा इतिहास रुळांवर नव्हे, पाण्यावर घडलेला आहे.

ह्या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका बंदरात खलाशांची सभा होती. अपघाताच्या भरपाईविषयी बोलावे म्हणून आम्हाला बोलावले होते. सभा संपल्यावर सातआठ जण आम्हाला धक्क्यावर घेऊन गेले. तिथे एक मासेमारीची बोट बांधून ठेवलेली होती. पावसाळी बंदी उठून पंधरा दिवस झालेले, समुद्रात मासळी, आणि ही बोट मात्र काठाला. नाखव्याने कर्ज काढून जुने २०० अश्वशक्तीचे इंजिन काढले होते आणि ३५० चे बसविले होते. गिअरबॉक्स जुनाच ठेवला, कारण तो 'चांगला चालत होता'. विकणाऱ्याने चालेल म्हणून सांगितले. दुसऱ्या आठवड्यात क्लचच्या प्लेटा जळाल्या, भर समुद्रात पंखा फिरेना, आणि दुसऱ्या बोटीने दोर लावून हिला ओढून आणले. खलाशांना पगार नसतो, वाटा असतो. बोट काठाला म्हणजे वाटा शून्य. इंजिनावरचा पोरगा म्हणाला, "साहेब, मी पहिल्या फेरीलाच सांगितलेलं, गिअरला हात लावू देत नाही एवढा तापतो." त्यांनी आम्हाला विचारले, ह्यात चूक कोणाची? आम्हाला उत्तर देता आले नाही. भरपाईच्या कायद्याची कलमे आम्हाला पाठ होती, पण गिअरबॉक्स म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. दौंडला परत येताना गाडीत त्याची लाज वाटत राहिली.

आता इतिहासाकडे वळू. आरंभीच्या आगबोटींना हा प्रश्न पडला नाही. मुंबईच्या गोदीत १८२९ साली वाडिया घराण्याने बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून तांबड्या समुद्रातून सुएझला पोहोचली. तिला ८० अश्वशक्तीची दोन इंजिने होती, आणि दोन्ही बाजूंस पाणचक्कीसारखी मोठी चाके. वाफेचे यंत्र सावकाश फिरे, चाकेही सावकाश फिरत. दोघांचा स्वभाव एक, त्यामुळे मध्यस्थ नको. त्याच घराण्यातल्या आर्देशीर खरशेटजींनी १८३३ साली 'इंडस' नावाच्या छोट्या बोटीत वाफेचे यंत्र बसविले, १८४१ साली ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले, आणि मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्यात मुख्य इंजिनिअर झाले. गोऱ्या कारागिरांवर नेटिव्ह साहेब, हे पुष्कळांना रुचले नाही. असो, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

पंचाईत झाली ती पाण्याखालचा पंखा आल्यावर. ३ एप्रिल १८४५ रोजी इंग्रजी आरमाराने 'रॅटलर' ही पंख्याची आणि 'अलेक्टो' ही चाकांची, अशा दोन आगबोटी पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या आणि दोघींना जोर करावयास लावला. रॅटलरने अलेक्टोला उलटी ओढत नेली. पंखा श्रेष्ठ ठरला. पण पंख्याला वेग पाहिजे आणि यंत्र मंद. ब्रिस्टलला १८४३ साली पाण्यात सोडलेल्या ब्रुनेलच्या 'ग्रेट ब्रिटन' ह्या जहाजात यंत्र मिनिटाला १८ फेरे करी आणि पंख्याला ५३ फेरे लागत. म्हणून मध्ये भल्या मोठ्या साखळ्या घातल्या होत्या, आपल्या सायकलीला असते तशा. लक्षात घ्या, जहाजावरचा हा मध्यस्थ प्रथम आला तो वेग वाढविण्यासाठी.

पन्नास वर्षांत गंगा उलटी वाहू लागली. चार्ल्स पार्सन्सने वाफेचे टर्बाइन काढले. त्याची 'टर्बिनिया' १८९७ च्या जूनमध्ये राणीच्या आरमार-पाहणीत सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ३४ सागरी मैलांच्या वेगाने धावली. पण टर्बाइन इतके वेगाने फिरे, की आरंभी पंखा पाणी ढकलण्याऐवजी पाण्यात पोकळ्याच निर्माण करी. पार्सन्सला एका पंख्याच्या जागी तीन शाफ्टांवर नऊ पंखे बसवावे लागले. शर्यतीच्या बोटीला हे परवडले. माल वाहणाऱ्या बोटीला परवडणारे नव्हते. तेव्हा त्याने 'वेस्पेशियन' नावाची एक जुनी मालबोट विकत घेतली, आणि तिच्यात टर्बाइन व पंखा यांच्यामध्ये दातेरी चक्रे घालून १९१० च्या सुमारास दाखवून दिले, की टर्बाइनचे सुमारे वीस फेरे तेव्हा पंख्याचा एक, असे केले तर कोळशाची चांगली बचत होते. यंत्राला त्याच्या चालीने चालू द्यावे, पंख्याला त्याच्या चालीने, आणि दोघांतला हिशेब दात्यांनी सांभाळावा.

मग डिझेल आले. रशियात व्होल्गा नदीवर नोबेल बंधूंच्या कंपनीने १९०३ साली 'वंडाल' ही तेलवाहू बोट काढली. तिच्यात १२० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने होती, पण त्यांना उलटे फिरता येईना; आणि नदीतल्या बोटीला धक्क्याशी शंभर वेळा पुढेमागे करावे लागते. म्हणून त्यांनी इंजिनाने वीज निर्माण केली आणि विजेच्या मोटारींनी पंखे फिरविले. आपल्या रेल्वेची मुख्य डिझेल इंजिने ह्याच रीतीने चालत आली आहेत, हे श्रोत्यांपैकी रनिंग स्टाफला सांगायला नको. पण ह्यात शक्तीचा बराच भाग वाटेतच खर्च होतो. दुसऱ्याच वर्षी, १९०४ साली, त्यांनी 'सार्मात' काढली. तिच्यात युक्ती अशी, की सरळ जाताना इंजिन थेट पंख्याला जोडलेले. उलटे जायचे किंवा हळूहळू सरकायचे, तेवढ्यापुरतीच वीज. ही युक्ती आम्हाला फार आवडली. मध्यस्थ पाहिजे तेव्हा पाहिजे. काम मार्गी लागले की त्याने बाजूला व्हावे. आम्हा युनियनवाल्यांना हे लागू पडते की नाही, ते श्रोत्यांनीच ठरवावे!

१९१२ साली कोपनहेगनच्या 'सेलँडिया' जहाजाने तर मध्यस्थच काढून टाकला. तिची १,२५० अश्वशक्तीची दोन इंजिने मंद चालीची होती, आणि ती थांबवून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करता येत. आजही मोठमोठी मालवाहू जहाजे बहुधा ह्याच रीतीने चालतात. मात्र असे इंजिन घरासारखे उंच असते. मासेमारीच्या बोटीत ते मावणार कोठून? लहान बोटीत वेगाचे इंजिन आणि म्हणून गिअर, हे ओघाने आलेच.

ह्याच सुमारास जर्मनीत स्टेटिनच्या जहाज-कारखान्यात हेरमान फ्योटिंगर नावाचा इंजिनिअर दात्यांऐवजी तेल किंवा पाणी ह्यांच्या प्रवाहातून शक्ती पलीकडे पोहोचविण्याच्या खटपटीत होता. एका पात्यांच्या चक्राने द्रव फेकावा, दुसऱ्याने तो झेलावा; १९०५ साली त्याने पेटंट घेतले. ते काढले होते जहाजासाठी. परंतु जहाजांची दातेरी चक्रे इतक्यात सुधारली, की समुद्रावर त्या युक्तीचा टिकाव लागला नाही. ती जमिनीवर आली, बसमध्ये शिरली, आणि रुळांवर चढली. आपल्याकडच्या नॅरोगेजवरची झेडडीएम जातीची डिझेल इंजिने हायड्रॉलिक होती ती ह्या फ्योटिंगरच्या वंशातली. आपल्या रेल्वेचे इंजिनिअर मनमोहन सुरी यांनी त्यात मोलाची भर घातली. सुटताना द्रवाचा प्रवाह आणि वेग आल्यावर थेट जोडणी, असा मिलाफ त्यांनी केला. 'सुरी ट्रान्समिशन' म्हणून तो ओळखला जातो. १९६२ साली त्यांना भटनागर पारितोषिक मिळाले. ही ट्रान्समिशने बनली आपल्या हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कारखान्यात. शटलने रोज पुण्याला जाणाऱ्या दौंडकरांच्या खिडकीसमोरून जे हडपसर स्टेशन जाते, तेच हडपसर. व्होल्गेवरच्या सार्मातचे तत्त्व आणि हडपसरच्या ह्या पेटीचे तत्त्व मुळात एकच आहे, हे ज्या दिवशी ध्यानात आले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

एवढे वाचल्यावर आम्ही पुन्हा त्या धक्क्यावरच्या बोटीकडे वळलो.

नाखव्याने आकडा वाचला तो अश्वशक्तीचा. २०० ची ३५० झाली, म्हणजे पावणेदोनपट. जुना गिअर दमदार आहे, निभावून नेईल, असा त्याचा अंदाज. पण गिअरच्या दात्यांना अश्वशक्ती कळत नाही. त्यांना कळतो तो पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात. अश्वशक्तीला मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे आणि ७१६ ने गुणावे, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला किती किलोचा जोर पडतो ते निघते. जुने इंजिन २,००० फेऱ्यांचे होते. पीळ येतो सुमारे ७२. नवे १,५०० फेऱ्यांचे. पीळ येतो १६७. म्हणजे पावणेदोनपट नव्हे, सव्वादोनपटीहूनही अधिक. इंजिन मंद चालीचे घेतले म्हणून नाखवा खूश होता, की जास्त टिकेल. इंजिनापुरते ते खरेच होते. पण त्या मंद चालीची किंमत गिअरला मोजावी लागली.

आणि एवढ्यावर भागत नाही. गिअरबॉक्सच्या पत्रकात एकाच पेटीसमोर तीनचार आकडे असतात. हौशीच्या बोटीला, जी वर्षातून थोडे तास पूर्ण वेगाने धावते, एक आकडा. आणि दिवसरात्र जाळे ओढणाऱ्या बोटीला दुसरा, बराच कमी. विकणारा पहिल्या आकड्यावर बोट ठेवतो. आमच्या गिऱ्हाइकाने दुसरा वाचावयास हवा. भाषेची अडचण आहेच. पत्रक मराठीत नसते. मग प्रमाण. धावणाऱ्या बोटीला दीडदोनास एक पुरते. जाळे ओढणाऱ्या बोटीला पंखा मोठा आणि सावकाश पाहिजे, म्हणून चारास एक, पाचास एक. पण बोटीच्या मागच्या लाकडात जेवढी पोकळी ठेवलेली असते तेवढाच पंखा मावतो. पन्नाशीच्या दशकापासून आमच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांत इंजिने बसू लागली तेव्हा हीच अडचण होती. ते होडके शिडासाठी घडलेले, पंख्यासाठी नव्हे. प्रमाण बदलले आणि पंखा तोच राहिला, तर इंजिन एक तर गुदमरते, नाही तर मोकाट फिरते. म्हणून आधी बोटीचे काम ठरवावे, मग पंखा, मग प्रमाण, मग गिअर, आणि शेवटी इंजिन. बाजारात क्रम नेमका उलटा चालतो.

आणखी एक गोष्ट पत्रकात बारीक अक्षरात असते. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा बोटीला पुढे नेणारा सारा रेटा शाफ्टातून येऊन बहुधा गिअरबॉक्सच्याच बेअरिंगवर पडतो. म्हणजे बोट ढकलली जाते ती ह्या पेटीच्या खांद्यावर! तिचे तेल थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी फिरविलेले असते. ती नळी शिंपल्यांनी तुंबली की तेल तापते, पातळ होते, आणि ज्या दाबाने प्लेटा घट्ट धरलेल्या असतात तो दाब सुटतो. प्लेटा घसरतात, जळतात. म्हणजे त्या पोराचा हात जे सांगत होता, ते बिनचूक होते.

पुढल्या खेपेला त्या बंदरात गेलो तेव्हा हा सगळा हिशेब आम्ही मराठीत लिहून नेला होता. नाखव्याने तोवर नवा गिअर बसविला होता, कर्जावर कर्ज काढून. त्याने कागद वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि म्हणाला, हे आधी सांगायला पाहिजे होतं. खलाशांच्या बुडालेल्या वाट्याचा प्रश्न आम्ही काढला. तीन आठवड्यांचे निदान जेवणाखाण्याचे पैसे द्यावेत, असे आमचे म्हणणे होते. बरीच घासाघीस होऊन तो निम्म्यावर आला, आणि खलाश्यांनी ते मान्य केले. आमच्या मते ते कमी होते. इंजिनावरच्या त्या पोराला मात्र आता एक वही मिळाली आहे. दर फेरीला गिअरच्या तेलाचा दाब आणि उष्णता तो तीत लिहितो, आणि बंदरात आल्यावर नाखवा तिच्यावर सही करतो.