दुसऱ्या प्रणालीचे दार : ‘बीओएस’ची गोष्ट #धागा

१९९८-९९च्या सुमारास जपानमध्ये हिताची कंपनीचा ‘फ्लोरा प्रियस’ मालिकेतील विशिष्ट घरगुती संगणक घेणाऱ्याच्या घरी एक नव्हे, दोन ऑपरेटिंग सिस्टीम येत होत्या. एक विंडोज, दुसरी बीओएस. दोन्ही कारखान्यातच हार्ड डिस्कवर भरलेल्या. मात्र संगणक सुरू केला की पडद्यावर अवतरे ती केवळ विंडोज. दुसरी प्रणाली डिस्कच्या वेगळ्या विभागात निमूट पडून असे. तिला जागे करायचे, तर ग्राहकाने सूचना शोधून, वाचून निवडीचा मेनू स्वतःच बसवायचा.

घरात आलेली वस्तू घरधन्यालाच दिसू नये, हा प्रकार विलक्षण खरा. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आयबीएमने १९८१मध्ये आपला पीसी जाहीर केला, तेव्हा त्यासाठी पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम अशा तीन प्रणाली सांगितल्या होत्या. डॉसची किंमत ४० डॉलर, सीपी/एम-८६ची २४०. ग्राहकाने कोणती उचलली असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९८३मध्ये हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणि त्यासोबत डॉस २.० आले. या डिस्कच्या अगदी आरंभी ५१२ बाइटांचा एक इवलासा तुकडा असे. त्यात डिस्कच्या जास्तीत जास्त चार विभागांची नोंद आणि एक छोटासा प्रोग्रॅम. संगणक सुरू होताच तो प्रोग्रॅम ‘सक्रिय’ अशी खूण असलेला विभाग शोधतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. म्हणजे एकाच डिस्कवर निरनिराळ्या प्रणाली शेजारी-शेजारी नांदाव्यात, याची सोय मुळातच होती. या जागी नुसत्या खुणेऐवजी मेनू दाखवणारा प्रोग्रॅम बसवला, की निवड माणसाकडे येते.

हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्सने १९९१मध्ये घरच्या ३८६ संगणकावर मिनिक्स घालून घेतली, ती याच सोयीच्या आधारे. लिनक्सची पहिली घडण मिनिक्सच्या शेजारात झाली. पुढे ‘लिलो’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅममुळे विंडोज आणि लिनक्स यांतून निवड करणे हौशी मंडळींच्या अंगवळणी पडले. आपल्याकडे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या सीडींनी लिनक्स अनेक घरांत पोचवली. सुटे भाग जोडून संगणक बनवून देणाऱ्या आपल्या दुकानदाराला कसल्या कराराची फिकीर! मोठ्या उत्पादकांचे तसे नव्हते.

आता बी कंपनीकडे वळू. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी ती १९९०मध्ये स्थापन केली. १९९६मध्ये ॲपल बीओएस विकत घेण्याच्या बेतात होती, पण अखेर तिने स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट घेतली. तेव्हा बीओएस १९९८मध्ये इंटेलच्या संगणकांवर आली. ध्वनी आणि चित्रफितींच्या कामात ती चपळ होती, एकाहून अधिक प्रोसेसरांचा उपयोग सहज करून घेई. गासे यांचा दावा विनम्र होता : विंडोज हटवा असे ते म्हणतच नव्हते, तिच्या शेजारी थोडी जागा मागत होते. ही भूमिका मला शहाणपणाची वाटते. तिच्यात एकच उणीव होती. शेजाऱ्याचे दार घरमालकाने उघडू दिले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टचे संगणक उत्पादकांशी असलेले परवाना करार गोपनीय होते. त्यांमुळेच उत्पादक आरंभीचा मेनू दाखवू धजत नाहीत, असा बीचा आरोप होता. १९९९च्या आरंभी गासे यांनी जाहीर देकार दिला : जो उत्पादक संगणक सुरू होताना बीओएसचा पर्याय ग्राहकाला दाखवील, त्याला ती फुकट. एकही मोठा उत्पादक पुढे आला नाही. फुकटातही नको, यावरून विंडोजच्या सवलतीची किंमत उत्पादकांना किती वाटत असेल, याचा अंदाज करावा.

मार्च २०००मध्ये बीने घरगुती वापरासाठी बीओएस ५ मोफत वाटायला काढली. ती विभागणीच्या भानगडीत पडत नसे. विंडोजच्या डिस्कवर एका मोठ्या फाइलीच्या रूपाने राही आणि तिथूनच सुरू करता येई. वेगळे दार मिळेना, म्हणून शेजाऱ्याच्याच घरात पोटभाडेकरू!

सारा दोष मायक्रोसॉफ्टच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. बीओएससाठी सॉफ्टवेअर तुटपुंजे होते, बरीच उपकरणे तिला ओळखता येत नसत. शिवाय कंपनीने याच सुमारास घरगुती संगणकावरचे लक्ष काढून इंटरनेट उपकरणांच्या मागे धाव घेतली आणि आपल्याच चाहत्यांना वाऱ्यावर सोडले. २००१मध्ये तिची तंत्रज्ञान-मालमत्ता पाम कंपनीने सुमारे १.१ कोटी डॉलरना घेतली.

फेब्रुवारी २००२मध्ये, उरल्यासुरल्या बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला अमेरिकी सरकारच्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या जुन्या खटल्यात अंतिम आदेश निघाला. त्या खटल्याचा गाजलेला विषय ब्राउझरचा. पण आदेशातले एक कलम वेगळे होते. विंडोज सुरू होण्यापूर्वी दुसरी प्रणाली निवडण्याचा पर्याय उत्पादकाने दाखवला, तर मायक्रोसॉफ्टने त्याला करारान्वये अडवू नये, असे त्यात स्पष्ट होते. जो मेनू गासे मागत होते, तोच. फक्त तो दाखवायला बी आता बाजारात नव्हती.

सप्टेंबर २००३मध्ये तडजोड झाली. कोणतीही चूक कबूल न करता मायक्रोसॉफ्टने बीला २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले. तोवर चाहत्यांनी बीओएस नव्याने लिहायला घेतली होती. ‘ओपनबीओएस’ या नावाने २००१मध्ये सुरू झालेले ते काम २००४पासून ‘हायकू’ म्हणून ओळखले जाते. त्याची पहिली बीटा आवृत्ती २०१८मध्ये आली आणि तिच्यासोबत, कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणारा मेनू बसवण्याची सोयही.