अर्धवट सोडलेले सुकाणू : मुंबईहून उडालेली दोन विमाने

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला दर काही महिन्यांनी एका बंद पेटीत बसावे लागते. सहा पोलादी पायांवर उभी असलेली ही पेटी पुढे झुकते, मागे कलते, थरथरते. आत हुबेहूब कॉकपिट असते आणि काचांबाहेर संगणकाने उभी केलेली धावपट्टी. मागच्या आसनावरचा प्रशिक्षक एक कळ दाबतो आणि ऑटोपायलट बंद पडतो. मग इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा जाते. मग उड्डाण-संगणक एकेक करून मिटतात. उरतात दोन हात, काही तबकड्या आणि एकच काम : साठ टनांचे हे विमान हाताने उडवून सुखरूप खाली आणणे.

सिम्युलेटर नावाच्या या पेटीत कोणी मरत नाही. चुकले तर पडदा गोठतो आणि प्रशिक्षक पुन्हा आरंभापासून सुरुवात करायला सांगतो. रोजच्या उड्डाणाचा बहुतेक भाग यंत्रच सांभाळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्या उत्तराचा मोठा भाग मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून उडालेल्या दोन विमानांच्या कथेत आहे. एक १९७८ च्या पहिल्याच रात्री उडाले, दुसरे १९९० मधल्या एका स्वच्छ दुपारी उतरत होते.

ज्या काळात ‘हाताने उडवणे’ असा वेगळा शब्दप्रयोग करण्याची गरजच नव्हती, तो काळ आधी पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ हे एका इंजिनाचे चिमुकले विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरवले. विमानात रेडिओ नव्हता, ऑटोपायलटचा तर प्रश्नच नव्हता. किनारा, नद्या, रेल्वेचे रूळ हाच नकाशा. जुहूचे मैदान पावसाळ्यात भरतीच्या पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. फोर्टमधल्या बॉम्बे हाउसमधून चालणाऱ्या उद्योगसमूहाचा हा नवा विभाग जुहूला झावळ्यांनी शाकारलेल्या एका शेडमध्ये भरत असे. यंत्र आणि माणूस यांच्यात कामाची वाटणी झालेली नव्हती. जे काही करायचे ते माणसानेच.

वाटणीची सुरुवात मात्र त्याच्याही आधी झाली होती. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकनाने उडत्या विमानात दोन्ही हात वर करून दाखवले आणि त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला. तरीही गरगर फिरणाऱ्या जायरोस्कोपच्या आधारे विमान समतोल राहिले. हा पहिला गाजलेला ऑटोपायलट. सिम्युलेटरचा पूर्वज त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. एडविन लिंक या ऑर्गन बनवणाऱ्याच्या मुलाने १९२९ मध्ये वाद्याचेच भाते वापरून कलणारे, वळणारे एक खोटे विमान तयार केले. सुरुवातीला ते जत्रेतले खेळणे ठरले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे टपालवाहतूक सोपवली गेली आणि वाईट हवामानात अनेक जण मेले, तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. टपाल पोहोचवताना गेलेल्या माणसांमुळे सिम्युलेटरला प्रतिष्ठा मिळाली, ही गोष्ट जुहूच्या टपालविमानांबरोबर लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ रात्री साडेआठनंतर दुबईकडे निघाले. कंपनीच्या ताफ्यातले हे पहिले जम्बो, १९७१ साली आलेले. त्यात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. कमांडर मदनलाल कुकर अतिशय अनुभवी होते. विमान पश्चिमेकडे उडाले, किनारा ओलांडला आणि उजवीकडे हलके वळून पुन्हा सरळ झाले. ऑटोपायलट अद्याप जोडलेला नव्हता. विमान पूर्णपणे माणसाच्या हातात होते.

दादरच्या चौपाटीवर अमावास्येच्या सुमारास रात्री उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर पुढची गोष्ट लवकर समजते. आज तिथे सागरी सेतूचे दिवे आहेत. पण त्यांच्यापलीकडे समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होते, हे डोळ्यांना सांगता येत नाही. शहराचे दिवे मागे पडले की वैमानिकाची अवस्था तीच होते. मग क्षितिज सापडते ते फक्त समोरच्या कृत्रिम क्षितिजाच्या तबकडीत : वर निळे, खाली तपकिरी आणि मध्ये विमानाची छोटी आकृती.

कुकर यांच्यापुढची ती तबकडी उजव्या कलावरच अडकून पडली होती. विमान सरळ झाले तरी ती उजवीकडे कललेलेच दाखवत राहिली. साहजिकच त्यांनी डावीकडे वळवले. तबकडी हलेना, म्हणून आणखी डावीकडे. ७४७ मध्ये अशा तीन तबकड्या असतात : एक कमांडरपुढे, एक सहवैमानिकापुढे आणि एक राखीव, मधोमध. आपल्यासमोरची तबकडी बिघडल्याचे कमांडरने बोलून दाखवले. सहवैमानिकालाही आपली तबकडी चुकीचीच वाटली. ती प्रत्यक्षात बरोबर होती आणि विमान खरोखरच तितके कलले होते, असे नंतरच्या तपासातून दिसते. इतरत्र पाहा, असे फ्लाइट इंजिनिअरने सुचवेपर्यंत वेळ निघून गेली होती. विमान डावीकडे ९० अंशांहून अधिक कलले आणि नाक खाली करून वांद्र्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. उड्डाणापासून आघातापर्यंत १०१ सेकंद. २१३ पैकी कोणीही वाचले नाही.

आरंभी घातपाताचा संशय घेतला गेला, पण तो टिकला नाही. कमांडरच्या तबकडीतील बिघाडामुळे त्याला विमानाच्या स्थितीचे भान उरले नाही आणि इतर उपकरणांच्या आधारे कोणी विमान सावरू शकले नाही, असा निष्कर्ष भारतीय चौकशीत निघाला. अमेरिकेत बोइंग आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर खटले झाले. तेथील न्यायाधीशांनी १९८५ मध्ये ते फेटाळले.

या अपघाताला केवळ ‘वैमानिकाची चूक’ म्हणणे उथळपणाचे होईल. माणसाच्या कानातला समतोल सांभाळणारा द्रव सावकाश होणारे वळण ओळखूच शकत नाही. अंधारात शरीर आत्मविश्वासाने खोटे बोलते. शरीर आणि तबकडी दोन्ही एकाच वेळी खोटे बोलू लागली, तर उरलेल्या दोन तबकड्यांकडे नजर वळवण्याची सवय हाच एक आधार. ती सवय सिम्युलेटरमध्ये लावता येते. कानांचा तो भ्रम मात्र सहा पायांच्या पेटीला पुरता उभा करता येत नाही, कारण पेटी जमिनीलाच खिळलेली असते आणि सलग वळणाचा भार शरीरावर टाकू शकत नाही. सिम्युलेटरची स्तुती करताना ही मर्यादा सहसा सांगितली जात नाही.

बारा वर्षांनी चित्र पालटले होते. एअरबस ए-३२० हे पहिले प्रवासी विमान, ज्यात वैमानिकाच्या हातातली दांडी पंखांच्या झडपांना तारांनी किंवा दोरांनी थेट जोडलेली नव्हती. बाजूला बसवलेली छोटी साइडस्टिक संगणकाला केवळ विनंती करी. संगणक तिचा विचार करून झडपा हलवी आणि विमानाला धोकादायक अवस्थेत जाऊ देत नसे. १९८८ मध्ये हे विमान युरोपात सेवेत आले. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ते घेतले.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेल्या आयसी ६०५ या उड्डाणात १४६ जण होते. विमान जेमतेम दोन महिन्यांचे होते. डाव्या आसनावर कॅप्टन फर्नांडिस यांची नव्या विमानावरची चाचणी सुरू होती, उजवीकडे परीक्षक म्हणून कॅप्टन गोपुजकर. दुपारची वेळ, हवामान स्वच्छ, धावपट्टी समोर दिसते आहे. यात १९७८ च्या रात्रीसारखे काहीच नव्हते.

शेवटच्या टप्प्यात विमान हाताने उडवले जात होते. इंजिने मात्र अजून यंत्राच्या ताब्यात होती, आणि यंत्र अशा पद्धतीत गेले होते की जिच्यात इंजिने अगदी मंद ठेवून विमान फक्त खाली येते. ते तसे का गेले, याचे सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण क्षुल्लक वाटावे असे आहे. दर मिनिटाला ७०० फूट उतरण्याचा आकडा एका बटणावर फिरवायचा होता. तो शेजारच्या, उंची ठरवणाऱ्या बटणावर फिरला असावा. एक बटण सोडून दुसरे, एवढेच. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली.

यातून सुटण्याचा एक मार्ग होता. वैमानिकापुढच्या पडद्यावर नाक कुठे ठेवावे हे सांगणाऱ्या मार्गदर्शक पट्ट्या असतात, त्यांना फ्लाइट डायरेक्टर म्हणतात. दोन्ही वैमानिकांकडच्या पट्ट्या बंद केल्या की ए-३२० ची इंजिन-यंत्रणा आपोआप वेग राखण्याकडे वळते. त्या दिवशी एकाच्या पट्ट्या बंद झाल्या, दुसऱ्याच्या चालू राहिल्या. तेवढ्यामुळे यंत्रणा पहिल्याच पद्धतीत राहिली. वेग ठरलेल्या आकड्याच्या खाली घसरत गेला. ४००, ३००, २०० फूट असे यांत्रिक आवाजात पुकारले जात होते. विमान खाली जात आहे हे जाणवल्यावर साइडस्टिक मागे ओढली गेली, थ्रॉटल पुढे ढकलले गेले. पण मंद फिरणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण ताकद यायला काही सेकंद लागतात, आणि ती सेकंदे शिल्लक नव्हती. विमान धावपट्टीआधीच्या गोल्फ मैदानावर आदळले, उसळले, बांधावर धडकले आणि पेटले. ९२ माणसे मेली. दोन्ही वैमानिक त्यांत होते.

न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने दोष मुख्यतः वैमानिकांच्या उशिरा झालेल्या प्रतिक्रियेवर ठेवला. दरम्यान सरकारने इंडियन एअरलाइन्सची सर्व ए-३२० विमाने अनेक महिने जमिनीवर ठेवली होती. विमान दोषी की माणूस, हा वाद त्या काळी फार रंगला. पण दोन्ही बाजू एका गोष्टीजवळून निसटून गेल्यासारख्या वाटतात. विमान पूर्ण यंत्राकडे असते तर ते कदाचित उतरले असते. पूर्ण माणसाकडे असते तर थ्रॉटलवरच्या हाताला इंजिने मंद आहेत हे कळले असते. ए-३२० चे थ्रॉटल यंत्राबरोबर हलत नाहीत, एका जागी राहतात, त्यामुळे हाताला काही समजत नाही. सुकाणू अर्धे सोडलेले होते, अर्धे धरलेले, आणि कोणते अर्धे कोणाकडे आहे याविषयी माणूस व यंत्र यांचा समज वेगवेगळा होता.

सिम्युलेटरमधला तो सराव याच फटीवर रोखलेला आहे. ए-३२० च्या पेटीत पायरीपायरीने खाली उतरता येते. पहिल्या पायरीवर संगणकाचे संरक्षण शाबूत असते. पुढच्या पायरीवर ते पातळ होते. त्याखाली साइडस्टिकची हालचाल झडपांपर्यंत जशीच्या तशी जाते आणि विमान जुन्या काळासारखे चंचल होते. अगदी तळाला वीजच गेली तर पायातले सुकाणूचे पेडल आणि शेपटीचा कोन बदलणारे ट्रिमचे चाक एवढेच उरते. त्या अवस्थेत उतरणे अपेक्षित नसते. संगणक परत येईपर्यंत विमान हवेत तग धरून राहावे, इतकेच.

या सरावाची किंमत १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे दिसली होती. एका डीसी-१० विमानाची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा नष्ट झाली आणि सुकाणूच उरले नाही. प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनी फिच यांनी १९८५ च्या जपानी विमान अपघाताचा धडा घेऊन हाच प्रसंग सिम्युलेटरमध्ये करून पाहिला होता. केवळ दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करून विमान धावपट्टीपर्यंत आणले गेले. २९६ पैकी १८४ जण वाचले. उलट १ जून २००९ च्या रात्री अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए-३३० मधील वेगमापक नळ्या गोठल्या, ऑटोपायलटने अचानक सुकाणू माणसांच्या हाती दिले आणि चार-साडेचार मिनिटांत २२८ जण समुद्रात गेले. इतक्या उंचीवर हाताने उडवण्याचा सराव त्या वैमानिकांना जवळजवळ मिळालेला नव्हता. त्यानंतर अशा उड्डाणांचा सराव जगभर वाढवला गेला, आणि अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने २०१३ मध्ये विमान कंपन्यांना हाताने उडवण्यास उत्तेजन देण्याची सूचना काढली.

ए-३२० मध्येही पुढे बदल झाले. अशा मंद उतरणीत वैमानिक पट्ट्यांचे न ऐकता नाक वर धरून बसला आणि वेग फार घसरू लागला, तर आता दोन्हीकडच्या पट्ट्या आपोआप विझतात आणि इंजिने वेग सांभाळू लागतात. तरीही हाताने उतरायचे ठरले की दोन्ही वैमानिकांनी आपापल्या पट्ट्या बंद केल्याची खात्री करून घ्यायची आणि पडद्यावर यंत्र कोणत्या पद्धतीत आहे ते मोठ्याने वाचायचे, हे पेटीतल्या पहिल्याच धड्यात शिकवले जाते.