अदृश्यांच्या पाऊलखुणा

वेरूळ येथील एकविसाव्या क्रमांकाच्या, रामेश्वर या नांवानें प्रसिद्ध असलेल्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेलीं दिसतात, आणि त्याच लेण्यांत कार्तिकेयाचीही भव्य मूर्ति आहे. कार्तिकेय हा देवांचा सेनापति, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्राचीन काळीं चोरमंडळी त्यास आपलें दैवत मानीत, आणि चौर्यविद्येवरील एका संस्कृत ग्रंथास ‘षण्मुखकल्प’ असें त्याच्याच नांवावरून म्हणतात, ही गोष्ट लेणीं पाहावयास जाणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच ध्यानीं असते. एकीकडे फांसे आणि दुसरीकडे चोरांचें दैवत, हा योग आम्हांस एका आधुनिक खेळाची आठवण करून देतो.

अमेरिकेंत १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा जो खेळ निघाला, त्यांत मंडळी मेजाभोंवतीं बसून प्रत्येकजण एकेक पात्र पत्करतो, सर्वजण मिळून कथा रचीत जातात, आणि पात्राचा डाव साधला कीं फसला हें फांसे ठरवितात. कोणाच्या दृष्टीस न पडतां मंत्रप्रयोग करणारें पात्र घ्यावयाचें झाल्यास कोणतें घ्यावें, हा त्या खेळाडूंच्या आवडीचा वादविषय आहे. आमच्या प्राचीन वाङ्मयास हा विषय नवा नाहीं. त्यांत अशीं तीन पात्रें स्पष्ट दिसतात: विद्याधर, मंत्रज्ञ चोर आणि सिद्ध. त्यांची तुलना केली असतां, गुप्त शक्तीविषयीं आमच्या पूर्वजांची धारणा काय होती, हें बऱ्याच अंशीं उमगतें.

पहिला विद्याधर. वेरुळच्या चौतीस लेण्यांपैकीं बारा बौद्धांचीं, सतरा हिंदूंचीं व पांच जैनांचीं आहेत. पंथ बदलले, उपास्य देव बदलले. परंतु अंतराळांत तरंगणारे हे विद्याधर तिन्ही ठिकाणीं भेटतात. विद्याधर म्हणजे विद्या धारण करणारा, आणि येथें विद्या म्हणजे मंत्रशक्ति. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाशीं परंपरेनें जोडलेल्या गुणाढ्याच्या बृहत्कथेचा नायक नरवाहनदत्त शेवटीं या विद्याधरांचाच चक्रवर्ती होतो. मूळ ग्रंथ लुप्त झाला. अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’वरून आपणांस त्याची कल्पना येते. आकाशगमन, रूपपालट, अंतर्धान हें सर्व विद्याधरास जन्मतः साध्य असतें. मात्र जें आयतें येतें, तें आयतेंच जातें. शाप झाला कीं तो मनुष्यलोकीं उतरतो आणि आपली विद्या विसरून बसतो.

दुसरा मंत्रज्ञ चोर. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ंतील शर्विलक हा त्याचा उत्तम नमुना असून, देवलांच्या नाटकामुळें तो मराठी रसिकांच्या घरचाच झाला आहे. चारुदत्ताची भिंत फोडण्यापूर्वीं तो कार्तिकेयास व आपल्या गुरूस वंदन करतो. गुरूनें दिलेली योगरोचना अंगास लाविली असतां पहारेकऱ्यांस तो दिसत नाहीं, व शस्त्र लागलें तरी इजा होत नाहीं. तथापि शर्विलक केवळ लेपावर विसंबणारा नव्हे. मापाची दोरी विसरली म्हणून तो जानव्यानें भिंत मोजतो. छिद्रास कोणता आकार शोभेल याचा शास्त्रोक्त विचार करतो. दार करकरूं नये म्हणून पाणी शिंपडतो. पुरलेलें धन शोधण्यासाठीं तो बीजही टाकून पाहतो; परंतु मंत्र खरा असला तरी घर दरिद्री! अखेर हातीं लागतात ते ठेव म्हणून ठेविलेले दागिने. ते देऊन मदनिकेस दास्यांतून सोडवावें, हा त्याचा बेत. आणि ते निघतात तिच्याच मालकिणीचे! चोर कोणाच्या हातीं लागला नाहीं. चोरी मात्र ओळखली गेली.

तिसरा सिद्ध. बौद्ध आचार्य नागार्जुनाचें एक चरित्र कुमारजीवाच्या नांवानें चिनी भाषेंत उपलब्ध आहे. त्यांतील कथा अशी कीं, तरुणपणीं नागार्जुन व त्याचे तीन मित्र अदृश्य होण्याची विद्या मिळविण्यासाठीं एका मांत्रिकाकडे गेले. कृति सांगितली तर हे पुन्हां आपणास विचारणार नाहींत, म्हणून त्यानें केवळ तयार गुटिका दिल्या. त्या पाण्यांत उगाळून पापण्यांस लावावयाच्या होत्या. नागार्जुनानें नुसत्या वासावरून त्यांतील सत्तर द्रव्यें प्रमाणासह ओळखलीं! मग हे चौघे राजाच्या अंतःपुरांत शिरून अनाचार करूं लागले. तेव्हां एका चतुर मंत्र्यानें दारांत बारीक माती पसरविली. तिच्यावर पावलें उमटलीं, आणि सैनिकांनीं मोकळ्या हवेंत तलवारी फिरविल्या. तिघे मित्र ठार झाले. राजाच्या अगदीं जवळ तलवार चालविण्याची मनाई असल्यानें त्याच्या शेजारीं उभा राहिलेला नागार्जुन वांचला. वासना हें दुःखाचें मूळ आहे हें त्यास तेथें उमगलें, आणि तो भिक्षु झाला.

आतां कोणतें पात्र श्रेष्ठ? विद्याधराची शक्ति सर्वांत मोठी, पण ती त्याची कमाई नव्हे. चोराची शक्ति उसनी, पण तिला हस्तकौशल्याची जोड आहे. विद्येचे घटक ओळखून ती पूर्णपणें आत्मसात् करतो तो एकटा सिद्ध, आणि म्हणूनच तिचा त्याग करण्याचें सामर्थ्यही त्याच्याच अंगीं येतें. पतंजलीनेंही अंतर्धानाची सिद्धि सांगून, अशा सिद्धि समाधीच्या मार्गांत विघ्नरूप होत, असाच इशारा दिला आहे. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, आमच्या कथाकारांनीं अदृश्यता कधींच पूर्ण मानली नाहीं. देह लपला तरी कर्म लपत नाहीं. दागिने ओळखले जातात, मातींत पाऊल उमटतें.

वेरुळच्या कारागिरांनीं विद्येचें जें रूप सहाव्या लेण्यांत कोरलें, तें याहून निराळें आहे. तेथें महामायूरी मोरासह उभी आहे आणि खालीं एक साधक पोथी वाचीत बसला आहे. महामायूरी ही सर्पदंशादि संकटांपासून रक्षण करणारी मंत्रदेवता. येथें मंत्र आहे, परंतु तो दुसऱ्याच्या घरांत शिरण्यासाठीं नव्हे, लोकांच्या रक्षणासाठीं आहे. आणि तो पोथी उघडून वाचला जात आहे.

राष्ट्रकूट कर्कराजाच्या बडोदें येथील, इ. स. ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटांत कृष्णराजानें एलापुरीं करविलेल्या मंदिराचें वर्णन आहे. तें मंदिर म्हणजेच कैलास, असें विद्वान् मानतात. विमानांतून जाणारे देव तें पाहून थक्क झाले, आणि हें आपल्या हातून घडलें तरी कसें, असें खुद्द शिल्पकारासही नवल वाटलें, असें तेथें म्हटलें आहे. राजाचें नांव आहे, देवांचा उल्लेख आहे; शिल्पकाराचें नांव मात्र नाहीं. त्यास अदृश्य करावयास ना अंजन लागलें, ना मंत्र. नांव न नोंदण्याची रीत पुरेशी झाली. परंतु नागार्जुनाच्या कथेंतील मातीप्रमाणें वेरुळच्या काळ्या दगडावरही खुणा उरल्या आहेत. बाराशें वर्षें लोटलीं तरी छिन्नीचे घाव तेथें हातानें चांचपतां येतात.